अस्वलाचं पाचवं बोट

"आणखी एक हिसका दिलास तर मूळ नाही, तूच तुटशील," नुवासी म्हणाली.

तिच्या भावाने, डेल्विनने, आजवर कुणाचं ऐकलं होतं म्हणून आता ऐकेल? त्याने कोरड्या नदीच्या वाळूत टाचा रोवल्या, कॉटनवूडच्या झाडाचं पुरात वाहून आलेलं जाडजूड मूळ दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जीव एकवटून ओढलं. मूळ जागचं हललं नाही. डेल्विन मात्र उताणा पडला आणि त्याची टोपी उडून शँडीनच्या पायाशी गेली.

"तुम्हा होपींचं कठीण आहे बाबा," शेजारच्या नावाहो जमातीतली त्यांची मैत्रीण शँडीन टोपी झटकत म्हणाली. "आम्हा नावाहोंच्या मेंढीने हे एका घासात उपटलं असतं."

"तुमच्या मेंढीने मागच्या आठवड्यात आमचा मका उपटला, तोही एका घासात," डेल्विन तोंडातली वाळू थुंकत म्हणाला. "तिचा चेहरा मी ओळखून आहे."

"तुमच्या मक्याला चव नव्हती म्हणून तिने अर्धा टाकून दिला. चांगल्या घरची मेंढी आहे ती."

वेंडेलमामा पोट धरून हसला. मग तो मुळापाशी बसला, चिमूटभर मक्याचं पीठ त्याच्यापुढे ठेवलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि बोटांनी भोवतालची वाळू सावकाश काढू लागला. थोड्या वेळाने मूळ आपसूक त्याच्या हातात आलं.

"मागून घ्यायचं असतं, ओढून नाही," मामा एवढंच म्हणाला.

नुवासीने ते मूळ उचललं. तिच्या कमरेएवढं लांब, पण एका हातात सहज मावेल इतकं हलकं! या मुळातूनच मामा काचिनांच्या, म्हणजे होपींच्या पाऊस आणणाऱ्या पवित्र आत्म्यांच्या, बाहुल्या कोरत असे. नुवासीच्या घरातल्या भिंतीवर तिच्या स्वतःच्या नऊ बाहुल्या टांगलेल्या होत्या. सणाच्या दिवशी चौकात नाचायला येणाऱ्या काचिनांनीच त्या तिच्या हातात दिलेल्या. त्या विकायच्या नसतात, त्यांच्याशी खेळायचं, त्यांच्याकडे बघत मोठं व्हायचं. मामा कोरत असे त्या बाजारासाठी, पायाखाली लाकडी बैठक असलेल्या. आणि येत्या शनिवारी वर्षातला सगळ्यात मोठा बाजार भरणार होता.

"मी गिऱ्हाइकांना हाका मारणार," डेल्विनने जाहीर केलं. "शँडीन सामान वाहणार."

"आणि तू माझ्या हातचा मार खाणार," शँडीन म्हणाली.

"नुवासी बाहुल्या पुसणार. फक्त मामा, पंजे तेवढे चारबोटीला काढू देऊ नकोस."

नुवासीचे कान तापले. ही जखम जुनी होती. मामा प्रत्येक बाहुलीच्या बैठकीखाली काळ्या शाईने अस्वलाचा पंजा काढत असे. त्यांचं कुळ अस्वलाचं. होपींमध्ये कुळ आईकडून येतं, म्हणून मामाचं कुळ तेच भाच्याचं आणि भाचीचं. मामाच्या सख्ख्या मुलाला, बिचाऱ्याला, तो पंजा काढायचा हक्कच नव्हता. त्याचं कुळ त्याच्या आईचं. गेल्या उन्हाळ्यात मामाने एका बाहुलीचा पंजा नुवासीला काढायला दिला होता. चार बोटं इतकी सुरेख जमली की ती हरखून आईला बोलवायला धावली. आईला घेऊन परत येते तो बाहुली गायब. कुणी मोठ्या पांढऱ्या टोपीवाला दारात आला होता, आवडली म्हणाला, घेऊन गेला.

ती रडली तेव्हा मामा म्हणाला होता, "त्या अस्वलाचं एक बोट तुझ्याकडे राहिलं. सांभाळून ठेव." घरच्यांशिवाय आणि शँडीनशिवाय ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. डेल्विन मात्र त्या दिवसापासून तिला चारबोटी म्हणू लागला होता.

गाडीत मुळं भरून सगळे पठारावरच्या घरी पोचले तर दारात व्हर्नाबाई बसल्या होत्या. त्या बाजाराच्या प्रमुख. त्याआधी पस्तीस वर्षं शाळेत बाई होत्या, आणि अर्ध्या गावाला अजूनही तिसरीतच समजत.

"वेंडेल, शर्ट खोच," त्या म्हणाल्या. मामाने मुकाट्याने शर्ट खोचला. "आता बस. आणि हे बघ."

त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली बाहुली बाहेर काढली. मधमाशी काचिना, हातात इवलंसं धनुष्य. मान मोडली होती आणि मोडलेल्या जागी लाकूड नव्हतंच. आत पांढराफेक, खडूसारखा भुगा दिसत होता.

"विंटरबाईंनी महामार्गावरच्या हॅमंडच्या दुकानातून घेतली. घरी नेईपर्यंत मान तुटली. खाली पंजा तुझा आहे."

मामाने बाहुली हातात घेतली, उलटी न करताच वजन जोखलं आणि परत दिली. "पंजा माझ्यासारखा असेल. हात माझा नाही."

"मला माहीत आहे रे. खोटं बोललास की तुझे कान हलतात, तिसरीपासून बघत्येय. पण विंटरबाई चाळीस वर्षं बाहुल्या जमवतात. त्यांचा शब्द चालतो. 'वेंडेल आता साच्यातून बाहुल्या काढतो,' असं त्यांनी सगळ्यांना कळवलंय. शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तुला टेबल देता येणार नाही मला."

"तर मग राहू दे," मामा म्हणाला.

व्हर्नाबाई बाहुली गुंडाळून निघून गेल्या. नुवासीचा संताप अनावर झाला.

"मामा, तू भांडला का नाहीस? ओरडून सांगायचंस ना, माझी नाही म्हणून!"

"ओरडून सांगितलेलं खरंही खोट्यासारखं ऐकू येतं," मामा म्हणाला. त्याने कोरायची सुरी पुसून कपड्यात गुंडाळली आणि फळीवर अगदी वर ठेवली. मग आईला हळूच म्हणाला, "फिनिक्सला छपरं घालायचं काम आहे. मित्र कधीचा बोलावतोय. सोमवारी जाईन म्हणतो."

नुवासी त्या सुरीकडे बघत राहिली. फिनिक्स म्हणजे सहा तासांचा रस्ता. मामा गेला की मक्याच्या शेतात कोण गाणार, आणि मुळाशी बोलायला तिला कोण शिकवणार? फळीवर सहा नव्या बाहुल्या तयार होत्या. त्यांच्याखाली पंजे काढायचे राहिले होते, आणि आता ते काढायची मामाची इच्छाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, हॅमंडच्या बाहुल्या स्वतः बघायच्या म्हणून तिघं शँडीनच्या आईच्या गाडीत मागे बसून महामार्गावर गेले. शँडीनची आई दर शुक्रवारी हॅमंडच्या दुकानासमोर मटण आणि तळलेली भाकरी विकत असे. "दुपारपर्यंत परत या, आणि दुकानात कशाला हात लावू नका," तिने बजावलं. पहिली गोष्ट मुलांनी पाळली.

हॅमंड हा एक गलेलठ्ठ, हसतमुख माणूस होता. पंख्याखाली खुर्ची, खुर्चीत तो आणि त्याच्या डोक्यावर भली मोठी पांढरी टोपी. नुवासीने शँडीनला कोपराने ढोसलं.

"पांढऱ्या टोप्या जगात खूप असतात," शँडीन कुजबुजली.

"पण हे बघ."

भिंतीलगतच्या फळीवर बारा मधमाशी काचिना एका रांगेत उभ्या होत्या. बाराही हुबेहूब. धनुष्य तेवढंच, मान तेवढीच कललेली, डाव्या गालावरचा पिवळा ठिपकाही तिथल्या तिथे. मामाने जन्मात दोन बाहुल्या सारख्या केल्या नव्हत्या. "दोन मुळं सारखी नसतात, तर बाहुल्या कुठून असणार?" असं तो म्हणायचा. नुवासीने एक उचलली. ती चांगली जड होती. तिने बाहुली उलटी केली आणि तिथेच थिजली.

खाली अस्वलाचा पंजा होता. एक, दोन, तीन, चार. बोटं चारच!

तिने दुसरी उलटी केली, मग तिसरी. सगळीकडे चारच. बोटांची ठेवण, शेवटच्या बोटाचा किंचित वाकडेपणा, सगळं तिला पाठ होतं. ते तिच्याच हातचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! काल व्हर्नाबाईंच्या हातातली बाहुली तिने उलटी करून बघितली असती तर एवढ्या लांब यावंच लागलं नसतं.

"आवडल्या का पोरांनो?" हॅमंड खुर्चीतून म्हणाला. "अस्सल हातकाम आहे."

डेल्विनने चेहरा साखरेहून गोड केला. "फार छान आहेत काका. पण बाराच? आमच्या शाळेत वीस जणांना हव्यात."

"वीस का, चाळीस घे! मागच्या खोलीत आख्खं खोकं आहे." हॅमंडने उठण्याचा विचार केला आणि सोडून दिला. "असं करा, तुम्हीच घेऊन या बघू ते पुढे. माझे गुडघे दुखतात."

चोराने किल्ली द्यावी तसा प्रकार. तिघं मागच्या खोलीत गेले. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'शोभेच्या बाहुल्या, साच्यातल्या, पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम. नग ४८.' खाली दूरच्या कुठल्याशा कारखान्याचा पत्ता. शँडीनने दोनदा वाचलं आणि शीळ घातली.

"अस्सल हातकाम," डेल्विन म्हणाला. "हात यंत्राचे, काम हॅमंडचं."

त्यांनी खोकं पुढे आणलं, बाहुल्या काढून फळीवर लावल्या. चोरून काही न्यायचं नाही, हे नुवासीने आधीच ठरवलं होतं. मामाचं नाव चोरीने धुऊन निघालं नसतं. तेवढ्यात डेल्विनला एक तुटक्या धनुष्याची बाहुली सापडली.

"काका, एवढं काम केलं. ही मोडकी आम्हाला द्या ना. आणि रिकामं खोकं पण."

"खोकं कशाला रे?"

"आमच्या कुत्रीला पिल्लं झालीत. सहा आहेत. एक डोळ्यांनी अधू आहे," डेल्विन म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटून आला. कुत्रीला पिल्लं झाली होती हे खरं. डोळे मात्र बाराच्या बारा ठणठणीत होते.

"न्या, न्या," हॅमंड विरघळून म्हणाला.

निघताना नुवासीची नजर गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटाकडे गेली. आत एकटीच एक मधमाशी उभी होती. तिचे रंग मातीचे, मऊ होते.

"ती विकायची नाही," हॅमंड म्हणाला. "तो नमुना आहे. गेल्या वर्षी वर पठारावर कुणाकडून तरी घेतली होती. सुंदर आहे ना?"

"हो," नुवासी म्हणाली.

रस्ता ओलांडताच शँडीनने मोडकी बाहुली आईच्या सरबताच्या बाटल्या गार करायच्या पिंपात टाकली. बाहुली डुबुक करून बाटल्यांच्या तळाशी गेली.

"मुळाची असती तर बदकासारखी तरंगली असती," डेल्विन म्हणाला. "झालं! उद्या असंच सगळ्यांसमोर बुडवून दाखवायचं."

"त्याने काय होणार?" नुवासी म्हणाली. "विंटरबाई म्हणणार, वेंडेलच साच्यातून काढतो. खोकंही वेंडेलनेच मागवलं असेल म्हणतील. चार बोटांचं सांगितल्याशिवाय हे सुटणार नाही."

"मग सांग की."

"आणि मग लोक म्हणतील, वेंडेल पोरीटोरींकडून खुणा काढून घेतो. तेही बिघडलेल्या. आधीच काय कमी बोलतायत?"

शँडीनची आई मटणावर मीठ भुरभुरत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "माझी आई गालिचा विणायची तेव्हा चुकलेला धागा लपवायची नाही. म्हणायची, चूक बघूनच कळतं की माणसाने विणलंय. आता ती बाहुली बाहेर काढा. माझं सरबत बिघडवू नका."

शनिवारी बाजार माणसांनी फुलून गेला. टेबल नव्हतं तरी तंबूच्या खुंट्या ठोकायला मामा हजर होता. व्हर्नाबाईंना शब्द दिला होता ना! मामाच्या सहा बाहुल्या नुवासीने सफरचंदांच्या पेटीत गुपचूप भरून आणल्या होत्या. समोरच हॅमंडने स्वतःचा तंबू थाटला होता आणि टोपीने वारा घेत बसला होता.

नुवासी थेट व्हर्नाबाईंकडे गेली. शेजारी विंटरबाई उभ्या होत्या, उंच, सडपातळ, गळ्यात नीलमण्यांची माळ. मागे डेल्विन खोकं घेऊन आणि शँडीन मोडकी बाहुली घेऊन उभी राहिली. खुंट्या ठोकणारा मामा थांबला.

"बाई, मला एक सांगायचंय," नुवासी म्हणाली. "या बाहुलीखालच्या पंजाला बोटं किती आहेत?"

विंटरबाईंनी चष्मा लावला. "चार."

"आणि तुमच्या मोडलेल्या बाहुलीला?"

व्हर्नाबाईंनी टॉवेल सोडला. चार.

"आता मामाच्या जुन्या बाहुल्या बघा. तुमच्याकडे असतील ना?"

विंटरबाईंनी फोनमधले फोटो उघडले. त्यांच्याकडे मामाच्या सात बाहुल्या होत्या, आणि जमवणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे प्रत्येकीच्या तळाचाही फोटो होता. सातही पंजांना पाच पाच बोटं. विंटरबाईंच्या भुवया हळूहळू वर चढू लागल्या.

"चार बोटांचा पंजा जगात एकच आहे," नुवासी म्हणाली. आता मागे फिरणं नव्हतं. "तो मी काढला. गेल्या उन्हाळ्यात मामाने मला काढायला दिला, आणि पाचवं बोट काढायच्या आधी मी आईला बोलवायला पळाले. चूक माझी आहे, मामाची नाही. ती बाहुली ज्याने नेली त्यानेच कारखान्याकडून तिची नक्कल करून घेतली. माझी चूकसुद्धा उतरवून घेतली, एका खोक्यात अठ्ठेचाळीस वेळा."

डेल्विनने खोकं फिरवून छापलेली अक्षरं समोर धरली. सगळ्यांच्या नजरा समोरच्या तंबूकडे गेल्या.

हॅमंड लाल झाला, मग पांढरा झाला, मग त्याने टोपी काढली. "पंजा... मला वाटलं, ती नक्षी आहे," तो म्हणाला. "कारखानेवाला म्हणाला, नमुना पाठवा, तशाच करून देतो. मी पाठवला. यात कुणाचं नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"डोक्यात येण्यासाठी टोपीखाली थोडी जागा ठेवावी लागते," व्हर्नाबाई म्हणाल्या. "यंत्रावरचा माल आमचं हातकाम म्हणून विकायला कायद्याने बंदी आहे, हॅमंड. एकूण एक बाहुली परत मागवायची. दुकानाच्या दारावर तुमच्या हाताने लिहून लावायचं की या नकली होत्या. आणि तो नमुना आत्ता इथे आणायचा."

तिसरीतल्या मुलासारखा हॅमंड गाडीकडे गेला. त्याने मिरवायला आणलेली खरी मधमाशी घेऊन तो परत आला. विंटरबाईंनी ती तळहातावर ठेवली आणि त्यांचा चेहराच पालटला.

"किती हलकी," त्या पुटपुटल्या. मग मामाकडे वळल्या. "चाळीस वर्षं या बाहुल्या हाताळत्येय मी. ती दुसरी उचलताच कळायला हवं होतं. मी वजन बघितलं नाही, फक्त शिक्का बघितला. चुकले मी. सगळ्यांना कळवलं तसंच सगळ्यांना पुन्हा कळवीन, आजच."

मामाने मान डोलावली. त्याने ना टोमणा मारला ना छाती फुगवली. त्याला तेवढंच पुरेसं होतं.

"आणि ही चार बोटांची मला हवी," विंटरबाई म्हणाल्या. "कुठे मिळेल अशी दुसरी?"

"ती आता विकायची नाही," हॅमंडच पटकन म्हणाला. त्याने बाहुली नुवासीच्या हातात ठेवली. "ही तुझी. माझ्याकडून... चुकीबद्दल."

व्हर्नाबाईंनी नुवासीच्या डोक्यावर हात ठेवला. "स्वतःची चूक चारचौघांत सांगायला मोठमोठ्यांची जीभ रेटत नाही. पस्तीस वर्षांत मी असे विद्यार्थी मोजके पाहिले. डेल्विन, तू त्यांतला नव्हेस, पण खोकं छान धरलंस. शँडीन, तुझ्या आईला सांग, पोरगी शहाणी आहे. वेंडेल, तुझं टेबल पहिल्या रांगेत. शर्ट खोच."

टेबल मांडलं गेलं. नुवासीने सफरचंदांची पेटी उघडली तेव्हा मामा तिच्याकडे बघतच राहिला. "या तू आणल्यास?"

"पंजे राहिलेत अजून," ती म्हणाली. "आणि फिनिक्सला छपरं घालणारे पुष्कळ आहेत."

"माझ्यापेक्षा चांगलीच घालत असतील," मामा म्हणाला. त्याने खिशातून शाईचं पेन काढलं, पहिली बाहुली उलटी केली आणि सावकाश पंजा काढला. मग दुसरी, तिसरी. सहाही बाहुल्या झाल्या तेव्हा डेल्विनने वाकून बघितलं आणि तो ओरडलाच, "मामा, तुझंही डोकं फिरलं का? सगळी अस्वलं चार बोटांची!"

"पाचवं बोट माझ्याकडे नाहीच," मामा म्हणाला. त्याने पेन नुवासीपुढे धरलं. "गेल्या वर्षीपासून हिच्याकडे आहे. यापुढे चार माझी आणि पाचवं हिचं. दोन हातांची नक्कल कुठलं यंत्र करतं ते बघू."

नुवासीने पेन घेतलं. डेल्विनने नाक घट्ट दाबून धरलं, न जाणो ऐन वेळी शिंक यायची. शँडीनने बाहुली दोन्ही हातांत धरली. आई गर्दीपलीकडून हाका मारत होती, पण या खेपेला नुवासी जागची हलली नाही. तिने अस्वलाचं बोट आधी पूर्ण केलं, आणि मगच आईला हाक दिली.